जुनी मराठी पुस्तकं, सह्या, छापील चित्रं आणि सिनेमाचा कागद : संग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

जुन्या पुस्तकांच्या नादाला नव्याने लागलेली मंडळी हे प्रश्न वारंवार विचारतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रात हाती लागणाऱ्या वस्तूंना धरून आहेत : मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक, लेखकांच्या सह्या नि पत्रं, शिळाप्रेसची म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं, सिनेमाची पोस्टरं आणि गाण्यांच्या चोपड्या. एक गोष्ट आधीच सांगतो. वस्तू कुठून आली, आधी कोणाकडे होती, ही हकीकत वस्तूइतकीच मोलाची असते, आणि हरवते तीच सगळ्यात आधी. पुढच्या बऱ्याच उत्तरांमागे हाच मुद्दा आहे.

संग्रह सुरू करायचा आहे. काय घेऊ?

एक धागा धरा, आणि तो जितका बारीक धराल तितकं चांगलं. ‘जुनी मराठी पुस्तकं’ हा धागा नव्हे. त्यात घर भरेल आणि हाती काही लागणार नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं, तुमच्या जिल्ह्यात छापलेली पुस्तकं, स्वयंपाकावरची पुस्तकं, एकाच नाटक कंपनीच्या जाहिराती, असं काहीतरी निवडा. बारीक धागा धरला की वर्षभरात तुम्हाला त्या विषयातलं विक्रेत्यापेक्षा जास्त कळू लागतं. खरेदी चांगली होते ती त्यामुळेच.

ठरतच नसेल तर दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरली जाते. हे अंक प्रत्येक वाचणाऱ्या घरात येत आणि दोनेक वर्षांत रद्दीत जात, म्हणून ते अजून परवडतात, आणि जुन्यातला चांगला अंक मिळाला की आनंदही खरा होतो. त्यांतल्या जाहिराती वगळू नका. साबण, केसांचं तेल, टॉनिक, विमा कंपन्या, गिरणीची लुगडी : मध्यमवर्गीय मराठी घर काय विकत घेत होतं ते तिथे जितकं दिसतं तितकं कथांमध्ये दिसत नाही.

जुनं ते सगळं दुर्मीळ असतं का?

नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पोथ्या, स्तोत्रसंग्रह, हरिविजय, पांडवप्रताप अजूनही घराघरांत निघतात. ती पुस्तकं भरपूर छापली गेली आणि देवघरात जपली गेली. उलट १९५०-६०च्या दशकांत चार मित्रांनी सायक्लोस्टाइल करून वाटलेली लघुअनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, वयाने तरुण असूनही मिळता मिळत नाहीत. प्रतीच थोड्या निघाल्या होत्या, कागद कच्चा होता आणि जपून ठेवावं असं कोणाला वाटलं नव्हतं. शाळेची क्रमिक पुस्तकं, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, रेल्वेची वेळापत्रकं यांचंही तसंच. वापरून वापरून संपली.

खऱ्या दुर्मिळतेचं टोक पाहायचं असेल तर फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाकडे, म्हणजे बायबलच्या कथांवरच्या मराठी काव्याकडे पाहा. १६१६ मध्ये गोव्यात राशोलला ते पहिल्यांदा छापलं गेलं, पुढे त्याच शतकात आणखी दोनदा. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांमुळे.

१८६७ साली पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. तोपर्यंतच्या मराठी छापील ग्रंथांना अभ्यासक दोलामुद्रिते म्हणतात. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने छापलेलं मराठी व्याकरण १८०५चं, मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली भगवद्गीताही १८०५चीच. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं ते १८३१ साली. या काळातलं काही तुमच्यासमोर आलं तर घाईने बांधणीला देऊ नका, स्वच्छही करू नका. आधी जाणकाराला दाखवा.

पहिली आवृत्ती कशी ओळखायची?

मुखपृष्ठामागचं पान नीट वाचा. जुने मराठी प्रकाशक बरेच प्रामाणिक होते. ‘आवृत्ती पहिली, प्रती १०००’ असं छापलेलं अनेकदा सापडतं. पण ते पान फाटलेलं असेल किंवा साल दिलेलंच नसेल तर दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

साल शके दिलं असेल तर ७८ मिळवा. शके १८३० म्हणजे इसवी १९०८. वर्षअखेरीचे महिने असतील तर १९०९.

किंमत पाहा. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक साधारण त्याआधीचं. ‘नवे पैसे’ लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ या पट्ट्यातलं, कारण १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गेला.

पत्ता पाहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. ‘१९५८, पहिली आवृत्ती’ म्हणवणाऱ्या पुस्तकावर ‘पुणे ४११०३०’ छापलेलं असेल तर ते पुढचं पुनर्मुद्रण आहे. त्याआधी नुसतं ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई ४’ असे.

शुद्धलेखन पाहा. ही खूण मला सगळ्यात आवडते, कारण ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसते. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असंच छापत. १९३५चं म्हणून दाखवलेल्या पुस्तकात हे अनुस्वार कुठेच नसतील तर ते १९३५चं नाही. मात्र याचं उलट धरू नका. जुन्याच ठशांवरून किंवा फोटो काढून केलेल्या पुनर्मुद्रणात जुने अनुस्वार तसेच राहतात. म्हणजे नवं शुद्धलेखन दावा खोटा ठरवतं. जुनं शुद्धलेखन तो खरा ठरवत नाही.

शेवटी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन टप्प्यांत त्यांनी मराठी पुस्तकांची नोंद केली : पृष्ठसंख्या, प्रकाशक, किंमत. एका माणसाने आयुष्य घालून केलेलं हे काम आहे, आणि आजही कोणतीही खरेदी करण्याआधी पहिला हात त्याच सूचीला जातो. तुमच्या प्रतीची पानं तिथल्या पृष्ठसंख्येशी जुळवा. शेवटची आठ पानं गळालेली असतील तर ती तिथे पकडली जातात.

वेष्टन नसेल तर किंमत इतकी का उतरते?

कारण अनेकदा पुस्तकाचं चित्र फक्त वेष्टनावरच, म्हणजे बांधणीवरच्या सुट्या कागदी आवरणावरच असे. दलाल, रघुवीर मुळगावकर, द. ग. गोडसे, बाळ ठाकूर, वसंत सरवटे यांचं बरंचसं काम या पातळ कागदावर आहे. ग्रंथालयांनी टिकाऊपणासाठी पुस्तकं पुन्हा बांधली तेव्हा तेच पहिलं काढून टाकलं गेलं. फाटकं वेष्टन असलं तरी ते पुस्तकासोबतच ठेवा.

पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का आहे. घ्यावं का?

ग्रंथालयाने ते रीतसर बाद केल्याचा शिक्का किंवा शेरा आहे का, ते बघा. निर्लेखित केलेली पुस्तकं विकली जातात, त्यात वावगं काही नाही. तसा शेरा नसेल आणि पुस्तक मोलाचं असेल तर त्या ग्रंथालयाला विचारा. ते हरवलेलं निघालं तर परत द्या. सार्वजनिक ग्रंथालयातून बाहेर गेलेलं जुनं पुस्तक शेकडो वाचकांचं गेलेलं असतं, आणि आपल्या कपाटात ते असण्याला काही अर्थ राहत नाही.

लेखकाची सही खरी आहे हे कसं कळणार?

आधी तारखा जुळवा. निम्मे घोटाळे इथेच उघड होतात. पुस्तकाची ही आवृत्ती निघाली तेव्हा लेखक हयात होता का? पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले, कुसुमाग्रज त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये. त्यानंतरच्या आवृत्तीवर त्यांची सही असेल तर ती छापलेली आहे किंवा खोटी आहे. प्रस्तावनेखाली किंवा आतल्या पानावर सहीचा ठसा छापण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि प्रामाणिक माणूसही त्याला फसतो. भिंगाखाली धरा. छापलेली सही अक्षरांच्याच शाईची, सपाट दिसते. खऱ्या सहीत शाई कागदाच्या तंतूंत उतरलेली असते. जिथे रेघा एकमेकींवरून जातात तिथे रंग गडद होतो.

मग लेखणी. बॉलपेन बाजारात आलं १९४०च्या दशकात. लोकमान्य टिळक १९२० साली गेले, राम गणेश गडकरी १९१९ साली. त्यांची बॉलपेनची सही असूच शकत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या नावाची स्केचपेनने केलेली सही कोणी दाखवली तर पुढे बोलायचं कारण नाही.

त्यानंतर हात. नक्कल करणारा माणूस आकार काढतो, लिहीत नाही. रेघ एकाच जाडीची येते, मध्येच थांबते, टोकाला बोथट होते. सवयीने केलेली सही वेगात असते आणि टोकं निमुळती होत जातात. तुलनेसाठी एकच नमुना पुरत नाही, कारण माणसाची सही तिशीत एक असते आणि सत्तरीत दुसरी. त्याच काळातल्या, तारीख असलेल्या तीन-चार सह्या गोळा करा. पत्रांच्या संग्रहांत, गौरवग्रंथांत, चरित्रांतल्या छायाचित्रांत त्या मिळतात.

नुसत्या सहीपेक्षा मजकूर असलेली प्रत मला नेहमी मोलाची वाटते. ‘चि. …स सप्रेम भेट’, खाली गाव आणि तारीख. खोटं करणाऱ्याला दोन शब्द जमतात, तीन ओळी जमत नाहीत. त्यातून ज्याला पुस्तक दिलं तो माणूस लेखकाच्या आयुष्यातला असेल, संपादक असेल, टीकाकार असेल, किंवा ज्याच्याशी पुढे बिनसलं तो मित्र असेल, तर ती प्रत वाङ्मयाच्या इतिहासाचा कागद होते.

विक्रेत्याने खरेपणाचं प्रमाणपत्र दिलं आहे. ते पुरेसं नाही का?

नाही. प्रमाणपत्र देणारा कोण, त्याला काय कळतं आणि उद्या सही खोटी निघाली तर तो पैसे परत करेल का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.

हयात लेखकाची सही घ्यायची असेल तर?

संमेलनात, प्रकाशन समारंभात सरळ विचारा. बहुतेकांना आनंदच होतो. पुस्तक वाचून जा. आतल्या शीर्षकपानावर, छापील नावाखाली सही मागा, आणि तारीख नि गाव लिहायची विनंती करा. जाड मार्कर देऊ नका, शाई मागच्या पानावर उतरते. त्या दिवसाची पत्रिका असेल तर पुस्तकात न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवा. पत्रिकेचा कागद हलक्या प्रतीचा असतो आणि पुस्तकाच्या पानावर त्याचा पिवळा डाग पडतो.

घरात रविवर्म्याचं जुनं चित्र आहे, खाली सहीही आहे. मूळ चित्र असेल का?

बहुधा नाही, पण म्हणून ते टाकाऊही नाही. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला आणि नंतरही अनेक वर्षं चालला. लक्ष्मी, सरस्वती, मोहिनी, शकुंतला घरोघरी पोचल्या त्या या छापील चित्रांतून. दगडावर काढलेल्या चित्रात चित्रकाराची सहीही छापून येते, म्हणून सही पाहून काहीच ठरत नाही. छापखान्याचं नाव असलेलं प्रत्येक चित्र रविवर्म्याचंही नसतं; धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही तिथे छापली गेली.

पाहायचं ते ठिपक्यांकडे. दहापट भिंग घ्या. शिळाप्रेसच्या छपाईत ठिपके अनियमित दिसतात, कारण कारागिरांनी ते दगडावर हाताने दिलेले असत आणि एकेका रंगासाठी वेगळा दगड लागत असे. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके रांगेत, एकाच मापाचे, फुलाच्या पाकळ्यांसारखे बसलेले दिसतात. तसे दिसले तर ती नंतरची नक्कल, चौकट कितीही जुनी असली तरी. जुन्या चौकटीत नवं चित्र बसवणं हा बाजारातला नेहमीचा प्रकार आहे, म्हणून चित्र चौकटीतून काढून मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

काही चित्रांवर जरी, टिकल्या, रेशमाचे तुकडे शिवलेले आढळतात. घरातल्या बायकांनी देवीला प्रत्यक्ष साडी नेसवलेली असते. काही विक्रेते हे उसवून चित्र ‘स्वच्छ’ करतात. कृपा करून तसं करू नका, करूही देऊ नका. त्या घरातल्या बाईच्या हातचं दुसरं काहीच कदाचित उरलेलं नसेल.

पुण्याच्या चित्रशाळा प्रेसची चित्रंही शोधा. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी ती १८७८ साली काढली. पेशवाईतल्या माणसांची आणि देवादिकांची तिची चित्रं महाराष्ट्राच्या भिंतींवर रविवर्मा प्रेसच्या आधी लागली होती.

आधुनिक चित्रकाराचं सही केलेलं ‘१२/१००’ असं चित्र विकायला आलं आहे. याचा अर्थ काय?

शंभर प्रतींपैकी बारावी. म्हणजे हे रंगवलेलं एकमेव चित्र नव्हे, मर्यादित संख्येत काढलेली छपाई आहे. बहुधा जाळीतून छापलेला सेरिग्राफ. सही आणि आकडा पेन्सिलीने, चित्राखालच्या कोऱ्या कडेवर असतो. वस्तू चांगली असू शकते, पण तिची किंमत रंगवलेल्या चित्राच्या किमतीशी जोडून सांगणाऱ्यापासून दूर राहा. आणि नामवंत चित्रकाराचं मूळ तैलचित्र ‘घरगुती अडचणीमुळे’ स्वस्तात मिळत असेल, सोबत गॅलरीची पावती, प्रदर्शनाची सूची, जुना फोटो असं काही नसेल, तर घेऊ नका. भारतीय आधुनिक चित्रांच्या बाजारात नकला पुष्कळ आहेत.

सिनेमाचं जुनं पोस्टर खरं की पुन्हा छापलेलं?

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर दोन्ही शेजारी शेजारी टांगलेली असतात, आणि चांगले दुकानदार विचारलं तर खरं सांगतात. तरी स्वतः बघायला शिका.

पोस्टरं घडी घालून थिएटरांकडे रवाना होत. त्यामुळे जुन्या मूळ पोस्टरावर घडीच्या खुणा असतातच, आणि त्यांवरून बोट फिरवलं की हाताला लागतात. मूळ पोस्टर स्कॅन करून छापलेल्या नकलेत घडीच्या पांढऱ्या रेघा चित्रातच छापल्या जातात. कागद मात्र गुळगुळीत. ही एक खूण लक्षात ठेवली तरी बरेच पैसे वाचतात. जुना कागद पातळ असतो आणि कडांना तपकिरी पडलेला असतो. सरसकट चहाच्या रंगाचा, एकसारखा ‘जुना’ कागद संशयास्पद.

तिसरी गोष्ट पुन्हा प्रदर्शनाची. गाजलेला चित्रपट दहा-पंधरा वर्षांनी परत लागे आणि त्यासाठी नवं पोस्टर निघे. ते खरंच असतं, पण पहिल्या प्रदर्शनाचं नसतं. छपाईची पद्धत, वितरकाचं नाव आणि छापखान्याची तळाची बारीक ओळ पाहून हे ठरवता येतं.

आपल्याकडे या कागदाला एरवीपेक्षा जास्त महत्त्व आहे. फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, आणि त्यानंतरच्या मूकपटांच्या युगातले बहुतेक चित्रपट आज नाहीत. फिल्म जळाली, सडली, चांदीसाठी वितळवली गेली. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः रंगवलेली पोस्टरं नावाजली गेली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४चं पोस्टर आज उरलेल्या भारतीय सिनेमा-पोस्टरांत सर्वांत जुनं मानलं जातं. अनेक चित्रपटांची कथा, नटसंच आणि गाणी आपल्याला कळतात ती थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपडीतून. म्हणून अनोळखी चित्रपटाची फाटकी चोपडी गाजलेल्या चित्रपटाच्या चकचकीत पोस्टरापेक्षा मोलाची ठरू शकते. तुमच्याकडची चोपडी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही नसेल अशी शंका आली तर त्यांना कळवा. १९६४ पासून हेच त्यांचं काम आहे.

कॉमिक्स, ग्रामोफोनच्या तबकड्या, क्रिकेटच्या बॅटी?

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत, मराठीतही. वेताळ आणि मँड्रेकवर एक अख्खी पिढी वाढली. मराठी अंक कमी मिळतात. मधली पानं आणि कापलेली कोडी तपासा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवा आणि स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. सही केलेल्या बॅटीबद्दल एवढंच सांगतो की सही कधी, कोणत्या सामन्याला, कोणी घेतली याचा पुरावा नसेल तर ती फक्त बॅट आहे.

शोधायचं कुठे?

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, शिवाय अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे जुनी पुस्तकं ठेवणारे. मुंबईत फोर्टचे पदपथ, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, चोरबाजार. पण खरा माल दुकानात पोचायच्या आधी रद्दीवाल्याकडे येतो. वाडे पडतात, चाळी पुनर्विकासाला जातात, आणि पन्नास वर्षांचा पोटमाळा एका दुपारी टेम्पोत भरला जातो. तुमच्या भागातल्या दोन-तीन रद्दीवाल्यांना तुम्ही काय घेता ते सांगून ठेवा आणि त्यांना किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या.

कोणाच्या घरी जाऊन पुस्तकं घ्यायची वेळ आली तर तिथे काय आहे ते घरच्यांना खरं सांगा. आजोबांच्या पेटीत काय होतं हे ठाऊक नसलेल्या आजींकडून मोलाची वस्तू रद्दीच्या भावात उचलणं हे कसब नव्हे, फसवणूक आहे. शिवाय खरं बोलणाऱ्याला लोक पुढच्या घराचा पत्ता देतात.

किंमत कशी ठरते? गुंतवणूक म्हणून हे चांगलं आहे का?

दुर्मिळता, मागणी, अवस्था आणि हकीकत या चार गोष्टींवर. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव. विकला गेलेला भाव वेगळा असतो, आणि तोच खरा. मराठी पुस्तकांचा बाजार लहान आहे. विकायला काढल्यावर गिऱ्हाईक मिळायला वर्षं लागू शकतात. गुंतवणूक म्हणून याकडे येऊ नका. वाचायचं, बघायचं म्हणून या.

पावसाळा, कसर, वाळवी. काय करू?

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांचं हे मोठं दुःख आहे. हवेतली आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राहिली तर कागद सुखात असतो. जून ते सप्टेंबर ती त्याच्या कितीतरी वर जाते. स्वस्तातलं आर्द्रतामापक यंत्र घ्या आणि कपाटात ठेवा, म्हणजे अंदाजाने बोलणं थांबेल. कपाट बाहेरच्या भिंतीला आणि बाथरूमच्या भिंतीला लावू नका. मागे चार बोटं जागा सोडा, सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा, पुस्तकं दाटीने कोंबू नका. कोरड्या दिवशी कपाट उघडं टाकून पंखा लावा. उन्हात वाळत घालू नका. ऊन रंगही खातं आणि कागदही.

वेखंड, कडुलिंबाचा पाला या जुन्या उपायांचा थोडा उपयोग होतो, पण ते पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. पानांत घातलेला पाला डाग पाडतो. डांबरगोळ्या पुस्तकाला टेकू देऊ नका, आणि झोपायच्या खोलीत तर नकोतच. पुस्तकात जिवंत किडे दिसले तर ते लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, हवाबंद पिशवीत घालून दोन-तीन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरेल. हा उपाय फक्त छापील पुस्तकांसाठी. फोटो, तबकड्या, चित्रं यांना नको.

हस्तलिखित पोथ्यांवर पिवळा रंग दिसला तर सावध. खोडण्यासाठी आणि किडीपासून बचावासाठी हरताळ हे पिवळं खनिज वापरत, आणि त्यात आर्सेनिक असतं. हात धुवा, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. पोथीचा लाल रुमाल मात्र ठेवा. बस्त्यात बांधण्याची जुनी पद्धत धुळीपासून आणि प्रकाशापासून उत्तम रक्षण करते.

फाटलेलं पान सेलोटेपने जोडू? पोस्टर लॅमिनेट करू?

दोन्ही नाही. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि निघत नाही. लॅमिनेशन म्हणजे वस्तू कायमची गेली. गव्हाची किंवा मैद्याची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागद यांनी केलेली दुरुस्ती पुन्हा ओली करून सोडवता येते. हाताला सवय नसेल तर फाटकं पान तसंच, आम्लविरहित कागदात ठेवा.

नोंद कशी ठेवायची?

एक वही पुरे. वस्तू, कुठे मिळाली, कोणाकडून, केव्हा, कितीला, आणि त्यांनी तिच्याबद्दल काय सांगितलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘हे अंक माझ्या आत्याचे, ती हुजूरपागेत शिकवायची’ असं कोणी म्हणालं तर ते त्याच शब्दांत त्याच दिवशी लिहा. पुस्तकात सापडलेली चिठ्ठी, बसचं तिकीट, वाळलेलं फूल काढून पाकिटात ठेवा आणि कोणत्या पानात होतं ते पाकिटावर पेन्सिलीने लिहा. आधीच्या मालकाचं नाव खोडू नका. एका घरातून आलेली पुस्तकं शक्यतो एकत्र ठेवा; ती कोणी एकत्र वाचली हेही कोणाला तरी अभ्यासायचं असेल.

लेखकाचं पत्र मी विकत घेतलं. ते छापू शकतो का?

कागद तुमचा, मजकूर तुमचा नाही. लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क त्याचा आणि वारसांचा असतो, आणि अप्रकाशित पत्रांच्या बाबतीत ही मुदत आणखी लांबू शकते. वारसांना विचारा. कायद्याच्या पलीकडे, पत्रात तिसऱ्याच माणसाची खासगी गोष्ट असेल तर परवानगी मिळूनही थांबावं, असं माझं मत आहे.

जुन्या पेटीत मोडी कागद निघाले आहेत. काय करू?

उलगडायची घाई करू नका. घड्या कोरड्या असतील तर मोडतात. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फोटो काढा. मोडी वाचणारी माणसं आज पुष्कळ आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे. बहुतेक कागद जमिनीचे, कर्जाचे, हिशोबाचे निघतात, आणि घरच्यांना ते ऐकून निराशा होते. पण गावातली पिकं, भाव, बलुतेदार, दुष्काळ हे सगळं त्यातच असतं. ‘खजिन्याचा नकाशा’ म्हणून विकत घेणाऱ्याच्या हाती ते देऊ नका.

परदेशात राहतो. इथे घेतलेलं तिकडे नेता येईल का?

विचारल्याशिवाय नेऊ नका. पुरातन वस्तूंच्या १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं नि दस्तऐवज देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ यांच्यासह नऊ चित्रकारांच्या मूळ कृती वय कितीही असलं तरी बाहेर जात नाहीत. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू या कायद्यात बसत नसल्याचा दाखला आधी घ्या. विक्रेता ‘कोणी विचारत नाही’ म्हणाला तरी सामान तुमच्या नावाचं असतं. १९६०-७०च्या दशकांतले दिवाळी अंक, कॉमिक्स, सिनेमाच्या चोपड्या अशा अलीकडच्या छापील वस्तूंना ही अडचण नाही, आणि न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून जमवायला तो धागा उत्तम आहे.

माझ्यानंतर या संग्रहाचं काय?

हयातीतच ठरवा, आणि घरच्यांना सांगा. संस्थेला द्यायचं असेल तर आधी यादी पाठवा, पेट्या नको. ग्रंथालयांकडे जागा कमी आणि माणसं त्याहून कमी असतात. त्यांच्याकडे आधीच असलेल्या प्रतींचं ते काय करणार, संग्रह एकत्र राहणार की विखुरणार, वाचकांना तो पाहता येणार का, हे लेखी विचारा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर या जुन्या संस्थांशी बोला, पण तुमच्या गावच्या वाचनालयालाही विसरू नका. त्या भागातल्या लेखकांची पुस्तकं तिथेच जास्त उपयोगी पडतात. द्यायचं नसेल आणि मुलं विकणार असतील तर मोलाच्या वस्तूंची वेगळी यादी करा, प्रत्येकीसमोर कोणाला विचारावं ते लिहा, आणि नोंदवही त्या यादीसोबत एकाच फडताळात ठेवा.